नाझी राजवटीची दप्तरं: कुठे शोधायची, कशी वाचायची

नाझी जर्मनीबद्दल मराठीत आपण पुष्कळ वाचतो, पण ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या हातानं आलेलं असतं. मूळ कागद जर्मनीत, जर्मन भाषेत, आणि आपल्याला कोण दाखवणार, अशी समजूत असल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. ती समजूत आता सोडून द्यायला हवी. गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, टेहळणीचे, गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाचे आणि व्यापलेल्या देशांतल्या लष्करी कारभाराचे असंख्य कागद आज पुण्यात किंवा परभणीत बसून फुकट उघडता येतात. इतिहासाचे विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार, आणि ज्यांचे आजोबा-पणजोबा त्या युद्धात युरोपात कैदेत होते अशी घरं, या सगळ्यांसाठी ही वाट सांगतो आहे.

निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे कागद ज्यांनी माणसं छळली आणि मारली त्यांनीच लिहिलेले आहेत. त्यातली तारीख खरी असेल, सही खरी असेल, शिक्काही खरा असेल, आणि तरीही मजकूर खोटा असू शकतो. म्हणून शोधण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष वाचण्याकडे द्यावं लागतं.

आधी कचेरी शोधा

नवखा माणूस शोधचौकटीत विषय टाकतो: "छळछावणी", "प्रचार", "ज्यू". हजारो नोंदी येतात आणि तो कंटाळून उठतो. अभिलेखागारात कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या कचेरीत तो कागद तयार झाला किंवा पोचला, त्या कचेरीच्या नावाखाली तो ठेवलेला असतो. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: ही गोष्ट त्या काळी कोणत्या खात्याच्या टेबलावरून गेली असेल?

टेहळणी म्हटलं की राइश सुरक्षा मुख्यालय. 27 सप्टेंबर 1939 रोजी गुप्त पोलीस, गुन्हे पोलीस आणि एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेची गुप्तवार्ता शाखा एसडी यांना एका छताखाली आणून हे कार्यालय उभं केलं, प्रमुख राइनहार्ड हायड्रिख. त्याचा चौथा विभाग म्हणजे गेस्टापो, आणि त्यातलं "चार बी 4" हे टेबल म्हणजे ज्यूंना छावण्यांकडे रवाना करण्याचं काम पाहणाऱ्या आइशमानचं. जर्मन संघीय अभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्काइव्हमध्ये, या मुख्यालयाचा संच "आर 58" आहे. प्रचार मंत्रालय 13 मार्च 1933 रोजी स्थापन झालं, त्याचा संच "आर 55". एसएसचा प्रमुख हिमलर याच्या खासगी कार्यालयाचा "एनएस 19". हे तिन्ही बर्लिनच्या लिश्टरफेल्डे भागात आहेत. लष्कराचे कागद मात्र दूर दक्षिणेला, फ्रायबुर्ग शहरातल्या लष्करी विभागात. तिथे सर्वोच्च सेनादलाचे (तिन्ही दलांच्या वरच्या मुख्यालयाचे) संच "आरडब्ल्यू", भूदलाचे "आरएच", नौदलाचे "आरएम" आणि हवाईदलाचे "आरएल" या अक्षरांनी सुरू होतात. एवढी अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचे कित्येक तास वाचतात.

कागद कुठे कुठे पांगले

1945 मध्ये जर्मनीत एकाच वेळी तीन गोष्टी चालल्या होत्या. कचेऱ्या स्वतःचे कागद जाळत होत्या, बॉम्ब पडत होते आणि दोस्त सैन्य मिळेल ते दप्तर गाड्यांत भरून नेत होतं. पॉट्सडॅमचं भूदलाचं अभिलेखागार 14 एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात मोठ्या प्रमाणात जळालं. हवाईदलाचे बहुतेक कागद त्यांनी स्वतःच नष्ट केले. नौदलाचं दप्तर मात्र तांबाख इथल्या गढीत जवळजवळ संपूर्ण ब्रिटिशांच्या हाती लागलं. त्यामुळे पाणबुड्यांबद्दल आज जितकं बारकाईनं लिहिता येतं, तितकं जर्मन हवाईदलाबद्दल येत नाही. एखाद्या विषयावर कागद नसणं म्हणजे तसं काही घडलंच नाही, असा निष्कर्ष कधीही काढू नका.

अमेरिकनांनी नेलेलं दप्तर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे ठेवलं, त्याची मायक्रोफिल्म केली आणि मूळ कागद हळूहळू पश्चिम जर्मनीला परत दिले. या फिल्म मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. "टी-175" म्हणजे हिमलर आणि पोलीस, "टी-77" सर्वोच्च सेनादल, "टी-501" व्यापलेले प्रदेश आणि पिछाडीचे भाग, "टी-120" परराष्ट्र खातं. या फिल्मसाठी तेव्हा इंग्रजीत तयार केलेल्या मार्गदर्शक सूची आजही अतिशय कामाच्या आहेत. जर्मन येत नसेल तर माझा सल्ला असा की सुरुवात या सूचींपासूनच करा. कोणत्या फाईलमध्ये काय आहे ते इंग्रजीत कळतं, मग तीच फाईल जर्मन संचात शोधता येते.

सोव्हिएत सैन्यानं नेलेले कागद मॉस्कोत आणि पोडोल्स्कला गेले. त्यातला मोठा भाग जर्मन-रशियन प्रकल्पातून स्कॅन होऊन इंटरनेटवर आला आहे. गोबेल्सच्या रोजनिशीच्या काचेच्या पट्ट्यांवरच्या प्रती 1992 मध्ये मॉस्कोतच सापडल्या. फ्रान्समधल्या जर्मन लष्करी प्रशासनाचे कागद पॅरिसजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागारात "एजे 40" या संचात आहेत. छळछावण्यांतली माणसं, वेठबिगार आणि विस्थापित यांची माहिती हेसेन प्रांतातल्या बाड आरोल्सेन गावात आहे. जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी हा एक: सुमारे 3 कोटी कागद, सुमारे 1 कोटी 75 लाख माणसांविषयी. संशोधकांसाठी तो 2007 मध्ये खुला झाला आणि 2019 पासून त्याचा मोठा भाग ऑनलाइन आहे. तिथे नावावरून शोधता येतं, आणि प्रत्येक प्रकारच्या कार्डावरचा कोणता रकाना कशासाठी होता हे सचित्र समजावलेलं आहे. छावणीचं कैदीकार्ड पहिल्यांदा उघडण्याआधी ते वाचूनच घ्या.

प्रत्यक्ष शोध

बुंडेसआर्काइव्हच्या शोधयंत्रणेचं नाव इन्व्हेनिओ. पाहुणा म्हणून आत जाता येतं. थेट शब्द टाकण्याऐवजी डाव्या बाजूच्या शाखांमधून उतरत जा: आधी संच, मग विभाग, मग उपविभाग, मग फाईल. हा रस्ता लांबचा वाटतो, पण खात्याची रचना आपोआप डोक्यात बसते. फाईलच्या नोंदीत तिचा क्रमांक, विषय आणि किती सालापासून किती सालापर्यंतचे कागद आहेत ते दिसतं. स्कॅन असेल तर तिथेच उघडतं. नसेल तर प्रत मागवता येते. तिचे पैसे पडतात, आणि प्रत यायला वेळ लागतो.

शब्दानं शोधायचंच असेल तर त्या काळचे जर्मन शब्द आणि त्या काळची जर्मन गावनावं वापरा. आजचं ल्विव्ह तेव्हा "लेम्बर्ग" होतं, पोझनान "पोझेन", आणि वूज शहराचं नाव 1940 मध्ये बदलून "लिट्झमानश्टाट" केलं होतं. आजच्या नावानं शोधलं तर हाती काहीच लागत नाही आणि कागदच नाहीत असं वाटून माणूस परत फिरतो.

गेस्टापोची फाईल

गेस्टापोच्या बहुतेक ठाण्यांनी शेवटी कागद जाळले. व्यक्तींच्या फायली मोठ्या संख्येनं वाचल्या त्या मोजक्या ठिकाणी. डसेलडॉर्फच्या सुमारे 70 हजार फायली आता डुइसबुर्गच्या प्रांतिक अभिलेखागारात आहेत, वुर्झबुर्गच्या 18 हजारांहून अधिक तिथल्याच राज्य अभिलेखागारात, आणि नॉयश्टाटच्या फायली स्पायर शहरात. म्हणजे आपल्याला गेस्टापोबद्दल जे बारीक कळतं ते पश्चिमेकडच्या दोन-तीन भागांवरून. बर्लिनबद्दल लिहिताना हे विसरू नका.

अशी फाईल उघडली की पहिलं पान सोडा आणि सगळ्यात जुना कागद शोधा. फाईल सुरू कशामुळे झाली? अनेकदा तिथे शेजाऱ्याची, सहकाऱ्याची किंवा नातेवाइकाची तक्रार असते: अमुक माणूस परदेशी रेडिओ ऐकतो, तमुक बाई ज्यू दुकानात जाते, कोणी फ्यूररबद्दल, म्हणजे हिटलरबद्दल, वाईट बोललं. 20 डिसेंबर 1934 च्या कायद्यानं सरकारविरुद्ध "दुष्ट" बोलणं हा गुन्हाच ठरवला होता. 1937 मध्ये डसेलडॉर्फच्या गेस्टापोकडे 281 माणसं होती आणि त्यांच्या हद्दीत सुमारे 40 लाख लोक राहत होते. प्रत्येक दारामागे पोलीस असणं शक्यच नव्हतं, ती उणीव लोकांनीच भरून काढली. या फायलींमधून निघणारी मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, आणि ती एखाद्या भाषणातून किंवा फर्मानातून कधीच कळली नसती.

मग जबाब वाचा. "आरोपीनं स्वतःहून कबूल केलं" असं लिहिलेलं असतं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तारखा बघा. पहिल्या जबाबात नाकारलं, मध्ये दहा दिवस कोठडी, दुसऱ्या जबाबात सगळं कबूल, असा क्रम दिसला तर मधल्या दहा दिवसांबद्दल फाईल गप्प का आहे हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. शेवटी निकाल बघा: सोडलं, न्यायालयात दिलं, की "संरक्षक कैद" दिली. या शेवटच्या गोंडस नावाखाली न्यायालयाविना थेट छळछावणीत पाठवलं जाई. तसं असेल तर तेच नाव आरोल्सेनच्या नोंदींत शोधा.

प्रचाराचे कागद

इथे बहुतेक लोक पोस्टर आणि चित्रफितींवर थांबतात. त्याहून बोलके कागद म्हणजे बर्लिनमधल्या रोजच्या पत्रकार परिषदेत दिलेल्या सूचना: कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आतल्या पानावर, कोणता शब्द वापरायचा नाही. त्या सूचना नष्ट करण्याचा हुकूम होता. कार्ल ब्रामर आणि फ्रिट्झ झेंगर या पत्रकारांनी जोखीम घेऊन त्या जपल्या. कोब्लेंझच्या बुंडेसआर्काइव्हमध्ये ते संग्रह आहेत.

काम असं करा. एक घटना निवडा, स्टालिनग्राडचा पराभव घ्या. 3 फेब्रुवारी 1943 रोजी तो जाहीर झाला, आणि 18 तारखेला गोबेल्सचं "सर्वंकष युद्धा"चं भाषण झालं. त्या पंधरवड्याच्या सूचना घ्या, त्याच दिवसांचं पक्षाचं वर्तमानपत्र "फोल्किशर बेओबाख्टर" घ्या (त्याची व्हिएन्ना आवृत्ती ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहे), आणि तिसरा कागद म्हणून एसडीचे लोकमताचे गुप्त अहवाल घ्या. ओटो ओलेनडॉर्फच्या विभागानं जनतेत काय बोललं जातं ते टिपून वर पाठवलेले हे अहवाल आर 58 मध्ये आहेत आणि छापीलही मिळतात. काय सांगायला सांगितलं, काय छापलं आणि लोक काय बोलत होते, हे तिन्ही एका टेबलावर आले की प्रचार कसा चालतो ते दिसू लागतं. अहवालांतला निराश सूर गोबेल्स आणि नाझी पक्षाचं कार्यालय चालवणारा बोरमान यांना रुचत नव्हता, 1944 मध्ये ते बंद पडत गेले. पण एसडीलाही स्वतःचं महत्त्व वाढवायचं होतं, त्यामुळे तो काही निर्मळ आरसा नाही.

छायाचित्रांचंही तसंच. सेनेच्या प्रचार तुकड्यांनी काढलेले फोटो बुंडेसआर्काइव्हच्या "बिल्ड 101" संग्रहात आहेत. 2008 मध्ये या संस्थेनं सुमारे 1 लाख चित्रं विकिमीडियाला दिली, ती आज सगळीकडे फिरताना दिसतात. त्यांखालची मूळ ओळ प्रचारकानं लिहिलेली असते. ती उतरवून घेताना अवतरणचिन्हांत घ्या आणि तुमची ओळ वेगळी लिहा.

लष्करी कारभार

आधी हे ठरवा की तुमचा प्रदेश लष्कराच्या ताब्यात होता की नागरी नाझी प्रशासनाच्या. फ्रान्स आणि बेल्जियमवर (बेल्जियम 1944 च्या उन्हाळ्यापर्यंत) लष्करी प्रशासन होतं, नेदरलँड्स आणि नॉर्वेवर नागरी आयुक्त, पोलंडच्या मोठ्या भागावर हान्स फ्रांकचं सरकार. सोव्हिएत भूमीवर आघाडीच्या मागचा पट्टा लष्कराकडे आणि त्याही मागचा नागरी आयुक्तांकडे. हे चुकलं तर तुम्ही चुकीच्या शहरात शोधत राहाल.

मग तुकडीचं युद्धदैनंदिन, म्हणजे रोजच्या घडामोडींची नोंदवही, मागवा आणि त्याची जोडपत्रं तर अवश्य मागवा. दैनंदिन कोरडं असतं, खरा ऐवज जोडपत्रांत. कागदावर "एक-अ" म्हणजे मोहिमांचा अधिकारी, "एक-ब" रसद, "एक-क" शत्रूची गुप्तवार्ता, आणि पिछाडीच्या तुकड्यांत "विभाग सात" म्हणजे नागरी कारभार. स्थानिक लोकांचं काय झालं हे बघायचं तर "एक-क" आणि "विभाग सात" आधी वाचा.

आकडे कसे वाचायचे त्याचं एक उदाहरण. 1941 च्या शरद ऋतूत बेलारूसमध्ये 707 व्या पायदळ डिव्हिजननं महिन्याभरात 10,940 कैदी पकडल्याची आणि त्यातल्या 10,431 जणांना गोळ्या घातल्याची नोंद आहे. स्वतःचं नुकसान: 2 मृत, 5 जखमी. अहवाल या सगळ्यांना सशस्त्र बंडखोर म्हणतो. दहा हजार सशस्त्र माणसांशी लढून दोनच सैनिक मरत नाहीत. तिथे लढाई झालीच नव्हती. नि:शस्त्र माणसांची कत्तल झाली होती आणि मारलेल्यांत ज्यूंची संख्या मोठी होती. असा अहवाल हाती आला की मारलेल्यांचा आकडा, स्वतःचं नुकसान आणि जप्त केलेली शस्त्रं हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा.

कागदाचं तोंड

मजकुराआधी कडा वाचा. डावीकडे वर कचेरीचं नाव आणि जावक क्रमांक, खाली सही, भोवती शिक्के आणि शेरे. टंकलिखित नावामागे "गेझ." असेल तर ती प्रत आहे, मूळ सही दुसऱ्या कागदावर. "इ. आ." म्हणजे वरिष्ठाच्या वतीनं, "त्सु डेन आक्टेन" म्हणजे नस्तीबंद. गुप्ततेच्या पायऱ्या असतात. "गेहाइमे राइशझाखे" हा शिक्का सर्वांत वरच्या पातळीचा, म्हणजे तो कागद मोजक्याच डोळ्यांसाठी होता. समासात हिरव्या पेन्सिलीची खूण दिसली तर थांबा, हिमलर हिरवी पेन्सिल वापरत असे.

हस्ताक्षर ही खरी अडचण. जुनं जर्मन वळण आजच्या जर्मन तरुणांनाही वाचता येत नाही, आपल्याकडे देवनागरी येऊनही मोडी पुढ्यात आली की गाडी अडते तसंच. आधी एकाच अधिकाऱ्याचे पाच-सहा कागद घेऊन त्याची अक्षरं वेगळी काढून ठेवा. ट्रान्सक्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी संगणक प्रणाली कच्चा मसुदा देते, पण नावं आणि आकडे तिच्यावर सोडू नका. यंत्रानं केलेल्या भाषांतराचंही तेच: "पुनर्वसन", "स्थलांतर", "विशेष वागणूक" असे सोज्वळ शब्द ते सोज्वळच ठेवतं, आणि त्या जागी हत्या असते.

एक कागद दुसऱ्यावर घासून बघा

ही पायरी वगळली तर आधीचं सगळं वाया जातं. 1943 च्या सुरुवातीला हिमलरनं रिखार्ड कोरहेर या संख्याशास्त्रज्ञाकडून युरोपातल्या ज्यूंविषयी अहवाल करवून घेतला. तो एनएस 19 मध्ये आहे. त्यात "विशेष वागणूक" हा शब्द आला तेव्हा हिमलरच्या कार्यालयातून 10 एप्रिल 1943 रोजी पत्र गेलं: तो शब्द नको, छावण्यांतून "पुढे नेले" असं लिहा. त्या दुरुस्त वाक्याखाली आकडा आहे 12,74,166.

आता लंडनला या. क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, ब्रिटिशांनी पकडलेल्या जर्मन बिनतारी संदेशांच्या "एचडब्ल्यू 16" संचात, 11 जानेवारी 1943 चा एक छोटा संदेश आहे. पाठवणारा लुब्लिनचा एसएस अधिकारी हेरमान ह्योफले. त्यात चार अक्षरं आणि त्यांच्यापुढे एकूण आकडे: एल 24,733, बी 4,34,508, एस 1,01,370, टी 71,355. ही अक्षरं म्हणजे लुब्लिन, बेल्झेत्स, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका इथल्या मृत्युछावण्या. खाली बेरीज 12,74,166. पण कागदावर बेरीज करून बघा, जुळत नाही. ट्रेब्लिंकाच्या आकड्यातला एक 5 गळला आहे, 7,13,555 धरलं की बेरीज तंतोतंत जमते. ज्याला हिमलरच्या कार्यालयानं "पुढे नेले" म्हणायला लावलं, तीच संख्या दुसऱ्या देशाच्या दप्तरात छावण्यांच्या आद्याक्षरांसह पडून होती. संशोधकांनी हा संदेश ओळखला तो थेट 2000 साली. तोवर त्याचा अर्थ कुणालाही लागला नव्हता.

आपल्याकडचे धागे

जून 1942 मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथेच कैद झाली. असे भारतीय कैदी आधी इटलीतल्या छावण्यांत गेले आणि सप्टेंबर 1943 मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर अनेकांना जर्मन छावण्यांत हलवलं. बर्लिनमध्ये सुभाषचंद्र बोस यांनी 1941 मध्ये आझाद हिंद केंद्र उभारलं होतं. कैद्यांमधूनच जर्मनीतल्या भारतीय पलटणीसाठी, म्हणजे 950 व्या रेजिमेंटसाठी, भरती झाली. अनेकांनी नकारही दिला.

घरात असा कोणी असेल तर आधी जुनी ट्रंक उघडा आणि पलटणीचा शिपाई क्रमांक शोधा. नाव "जाधव" असेल तर इंग्रजी कागदांत त्याची चार रूपं सापडतील, क्रमांक मात्र एकच राहतो. तो घेऊन बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लिहा, जीनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांबद्दल विचारा, आणि क्यूमधल्या "डब्ल्यूओ 416" या जर्मन कैदीकार्डांच्या संचात बघा. आझाद हिंद केंद्राविषयी जर्मन बाजू बर्लिनमध्ये परराष्ट्र खात्याच्या राजकीय अभिलेखागारात आहे, ब्रिटिश हेरांची बाजू लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर. इथेही एका बाजूचा कागद वाचून कोणाला देशभक्त किंवा फितूर ठरवू नका. हेरखात्याचा अहवाल आणि प्रचार मंत्रालयाचं टिपण हे दोन्ही कशासाठी तरी लिहिलेले असतात.

नोंद आणि नियम

प्रत्येक कागदाची नोंद जागीच करा: अभिलेखागार, संच, फाईल क्रमांक, पान क्रमांक, तारीख. "इंटरनेटवर मिळालं" ही नोंद नव्हे. जर्मन कायद्यानुसार व्यक्तीविषयीचे कागद सर्वसाधारणपणे तिच्या मृत्यूनंतर 10 वर्षांनी खुले होतात, मृत्यूची तारीख माहीत नसेल तर जन्मानंतर 100 वर्षांनी. खुल्या फाईलमधलंही सगळंच प्रसिद्ध करायचं नसतं. तक्रार करणाऱ्या साध्या शेजाऱ्याचं किंवा छळ सोसलेल्या बाईचं पूर्ण नाव छापल्यानं लेखात काही भर पडत नसेल तर आद्याक्षरावर भागवा. हुद्द्यावर बसून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मात्र पूर्ण लिहा, हुद्द्यासकट.